पक्ष्यांच्या धडका धावपट्टीवर नाही, शहराच्या नकाशावर थांबतात

रेवती_नेरूळ (धागाकर्ती)

२० मे २०२४च्या रात्री घाटकोपर पूर्वेला लक्ष्मीनगरच्या आसपास आकाशातून फ्लेमिंगो पडले. दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या एमिरेट्सच्या विमानावर अख्खा थवा आदळला होता. सुरुवातीच्या मोजणीतच ३९ मेलेले पक्षी सापडले. विमान सुखरूप उतरलं, पण त्याचं इतकं नुकसान झालं की परतीचं उड्डाण रद्द करावं लागलं.

त्यानंतर दोन सूर ऐकू आले. एक म्हणजे "बिचारे पक्षी" आणि दुसरा "विमानतळाजवळ पक्षी हवेतच कशाला, बुजवा ती तळी". आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. खाडी, खाजणं, मिठागरं आणि कांदळवनं यांच्या ऐन मधोमध. त्यामुळे दुसरा सूर आणखी चढणार असं दिसतंय. मला तो पक्ष्यांच्या दृष्टीने घातक वाटतोच, पण विमानात बसलेल्या माणसांच्या दृष्टीनेही घातक वाटतो. का, ते सांगण्यासाठी हा धागा.

आधी साधं गणित. उतरणारं विमान सुमारे तीन अंशांच्या उताराने खाली येतं. म्हणजे धावपट्टी ३ किमीवर असताना ते जेमतेम ५०० फुटांवर असतं, १० किमीवर १,७०० फुटांच्या आसपास आणि १३ किमीवर २,२०० फुटांच्या आसपास. ऊन तापल्यावर घार गिरक्या घेत चढते ती याच पट्ट्यात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मार्गदर्शनात विमानतळाभोवती १३ किमीचं वर्तुळ आखून आतल्या जमिनीचा वापर तपासायला सांगतात, त्यामागे हेच आहे. विमानतळाचं कुंपण धावपट्टीपासून काही शे मीटरवर संपतं. उरलेलं सगळं वर्तुळ महापालिका, सिडको, ग्रामपंचायती, वनखातं आणि आपण, यांच्या ताब्यात.

कायदा नाही असं म्हणायची सोय नाही. विमान नियम १९३७ मधला ९१वा नियम सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किमीच्या आत जनावरं कापायची वा सोलायची नाहीत, पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही. हॉटेलं, मटणाची आणि मासळीची दुकानं यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ त्याहून पुढे गेले. त्यांत म्हटलं होतं की कचराभूमी विमानतळापासून २० किमी लांब हवी, आणि १० ते २० किमीच्या मधे करायचीच असेल तर विमान वाहतूक खात्याचा किंवा हवाई दलाचा ना हरकत दाखला हवा.

आणि प्रत्यक्षात? देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत ती १० किमीच्या बरीच आत येते. पूर्वेकडून २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं ठाणे खाडी ओलांडून घाटकोपरवरूनच येतात. म्हणजे एका बाजूला खाडीतले फ्लेमिंगो, दुसऱ्या बाजूला देवनारच्या घारी, मधून विमानाची वाट. कचराभूमी आधीची, विमानांची गर्दी नंतरची, हे खरं. पण नंतरच्या इतक्या वर्षांत प्रत्येक विकास आराखडा तयार होताना हा प्रश्न टेबलावर होता.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. तुम्ही विमानतळाच्या परिसरात इमारत बांधायला निघालात, तर उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो. त्यासाठी रंगांचे पट्टे आखलेले नकाशे आहेत, कुठल्या पट्ट्यात किती उंची चालेल ते कोणीही बघू शकतं. दोन मजले जास्त चढले तर काम थांबतं. पण त्याच भूखंडावर उघडा मासळीबाजार, कचऱ्याचं हस्तांतरण केंद्र किंवा नवं शोभेचं तळं येणार असेल, तर "इथे कुठले पक्षी येतील, कधी येतील, कुठून कुठे उडतील" असा प्रश्न परवानगीच्या अर्जात कुठेच येत नाही. विटांची उंची मोजायची आणि पंखांची उंची सोडून द्यायची, असा हा कारभार आहे.

आता आमच्या नेरूळबद्दल. डीपीएस शाळेमागचं तळं, एनआरआय संकुलाजवळचं पाणथळ, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळचं पाणथळ. फ्लेमिंगोंचा दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो, पायाखाली जागा उरत नाही आणि थवे उथळ पाण्याच्या शोधात नेरूळच्या तळ्यांवर येतात. पाणी उतरलं की परत खाडीत. भरती पोटऱ्यांएवढी चढली की खाडीच्या कडेने गुलाबी रांगा उठायला लागतात, आधी दहा-वीस, मग शेकड्यांनी, मान आणि पाय एका रेषेत ताणलेले. तळ्यावर उतरल्यावर चोची लगेच पाण्यात उलट्या. इथे राहणाऱ्याला हे कॅलेंडरसारखं पाठ असतं.

तळं बुजवलं तर भरती थांबणार आहे का? हजारो पक्षी तेवढ्याच वेळी खाडीतून उठणारच. फक्त त्यांना ठरलेली जागा नसेल. ते दुसरं सपाट, मोकळं, उथळ पाण्याचं ठिकाण शोधत फिरतील, आणि पावसाळ्यानंतरच्या विमानतळाएवढी सपाट मोकळी जागा आसपास दुसरी नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासकांनी विमानतळाच्या निमित्ताने केलेल्या कामात हाच इशारा दिलाय की आजूबाजूची पाणथळं राखा, नाहीतर पक्षी विमानतळाकडे सरकतील. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट तुंबली आणि तळं सुकलं, तेव्हा २०२४च्या एप्रिलमध्ये तिथे फ्लेमिंगो मेले, बाकीचे रस्त्याकडे भरकटले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली, ही मोठी गोष्ट आहे. पण एका तळ्याने भागणार नाही.

ज्यांनी विमानतळावर, नगररचनेत, पक्षी निरीक्षणात काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

---

धावपट्टीकाका

रेवतीताई, चांगला विषय. मी नोकरीचा बराच काळ विमानतळावर धावपट्टीच्या देखभालीत काढला. कुठल्या विमानतळावर ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे तेच आहे.

लोकांना वाटतं की विमानतळाने पक्षी हाकलावेत, त्यासाठीच माणसं ठेवलीत. ठेवलेली असतात. जीपमधून फेऱ्या मारायच्या, फटाके लावायचे, झॉन गन म्हणजे गॅसवर चालणारी आवाजाची तोफ उडवायची. पहिले काही दिवस पक्षी उठतात. मग त्यांना कळतं की आवाजामागून काहीच येत नाही. टिटवी तर तोफेच्या शेजारी उभी राहते. रोज जागा बदलली, वेळ बदलली तर थोडा फरक पडतो. पण हाकललेला पक्षी जातो कुठे? कुंपणाबाहेर, आणि बाहेर खायला असेल तर तिथेच घिरट्या घालतो. म्हणजे धावपट्टीवरून उठवून आम्ही त्याला उतरणीच्या वाटेवर पाठवतो.

कुंपणाच्या आतलं काम विमानतळाचंच आहे, ते टाळून चालणार नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून निघतात. अर्ध्या तासात घारी, कोतवाल, साळुंक्या, बगळे सगळे हजर. धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांखाली किड्यांचा थर पडतो. मग गांडुळं, गोगलगाई, बेडूक. गवताचं तर कुठेच एकमत नाही. ब्रिटनमध्ये १५ ते २० सेंटिमीटर वाढू देतात, कारण जमिनीवर चालणाऱ्या पक्ष्याला उंच गवतात आसपासचं दिसत नाही आणि तो तिथे उतरायला कचरतो. आपल्याकडे पावसात तसं वाढू दिलं की उंदीर, उंदरांमागे साप आणि त्या दोघांवर घारी-घुबडं. त्यामुळे इथल्या हवेला काय चालतं ते इथेच तपासावं लागतं. पाणी साचणारे नाले मात्र बंदिस्त करायलाच हवेत, त्यात दोन मतं नाहीत.

आपल्याकडे हा अभ्यास नवा नाही. १९८०च्या दशकात बीएनएचएसने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली देशातल्या विमानतळांवर याच विषयाचा अभ्यास केला, रॉबर्ट ग्रब त्या कामात होते. तेव्हा घार आणि गिधाड हे सर्वांत मोठे धोके होते आणि मुळाशी होता उघडा कचरा आणि कत्तलीनंतरचं उरलंसुरलं. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडं जवळजवळ संपली. कचरा तसाच राहिला, घारी वाढल्या. तरी एखादं गिधाडही किती महागात पडतं ते २ जून २०२५ला दिसलं. पाटण्याहून रांचीला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचं नाक गिधाडाच्या धडकेने चेपलं, आत १७५ माणसं होती. पाटण्याची तर कथाच वेगळी. विमानतळाला लागून प्राणिसंग्रहालय, जवळ मांस-मासळीचे बाजार. १९ जून २०२२ला तिथून उडालेल्या स्पाइसजेटच्या विमानाचं इंजिन पक्षी आदळून पेटलं आणि १८५ जणांना घेऊन वैमानिकाने ते परत उतरवलं. हे फटाके लावून सुटणारं प्रकरण नाही.

---

सोहम_के

बाळबोध प्रश्न आहे, पण विचारतो. इंजिनाच्या तोंडाला जाळी का लावत नाहीत?

---

धावपट्टीकाका

चांगला प्रश्न आहे, सगळ्यांनाच पडतो. उतरताना विमानाचा वेग ताशी २५० किमीच्या आसपास असतो, वर चढताना आणखी जास्त. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. त्या वेगाला दोन-तीन किलोचा पक्षी अडवेल अशी जाळी इतकी जाड आणि जड होईल की इंजिनाला हवा पुरणार नाही, वर बर्फ धरेल ते वेगळंच. आणि जाळीच तुटून आत गेली तर पक्ष्यापेक्षा वाईट. मोठा एकच पक्षी गिळला तर इंजिनाने नीट चालत राहावं अशी अपेक्षा चाचणीतही नसते. न फुटता, आग न लागता बंद पडावं एवढीच असते. म्हणून एका इंजिनात एक घार गेली तर विमान दुसऱ्यावर येतं. थवा दोन्हींत गेला तर काय, ते २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवाव्या लागलेल्या विमानाने दाखवलं.

---

अनिकेत_लोहगाव

पुण्यातून लिहितोय. लोहगावला धावपट्टी एकच. हवाई दलाची लढाऊ विमानं आणि आपली प्रवासी विमानं दोन्ही तिच्यावरूनच. वस्ती मात्र चारी बाजूंनी भिंतीला येऊन भिडलीय.

आमच्या भागातल्या एका रस्त्याचं वर्णन करतो. ओळीने चिकनची दुकानं. दुकानदार माल कापतो, पिसं, आतडी, पाय निळ्या पिंपात टाकतो. पिंप उचलायला गाडी रोज येत नाही. आली तरी पिंपाच्या काठावरून सांडलेलं तिथेच राहतं. दुपारी चारच्या सुमारास वर बघा. आधी एक घार, मग पाच, मग मोजता येणार नाहीत इतक्या. एक सरळ खाली झेपावते, आतड्याची लड पायात उचलते आणि उडता उडताच खाते. दुसरी तिच्यामागे लागते. या झटापटीत दोघी वर वर चढत जातात, आणि नेमकं त्याच वेळी वरून चाकं उघडलेलं विमान जातं. हे मी माझ्या गच्चीवरून बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

संबंधित कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं की दुकानांना परवाने आहेत. परवाने आहेत हे मान्यच आहे. दुकानं बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं, ती माणसं त्यावर पोट भरतात. माझी मागणी एवढीच होती की विमानतळाच्या १० किमीत मांसाच्या कचऱ्यासाठी झाकणाची पिंपं, रोज ठरलेल्या वेळी वेगळी गाडी आणि ते शिजवून प्रक्रिया करणारं केंद्र, एवढं करा. खर्च एका इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

लढाऊ विमानाचं आणखी कठीण. ते कमी उंचीवर फार वेगात जातं. जून २०१९ मध्ये अंबाल्याला जग्वार उडाल्या उडाल्या पक्षी आदळून एक इंजिन गेलं. वैमानिकाने इंधनाच्या टाक्या आणि सरावाचे बॉम्ब खाली सोडून विमान हलकं केलं आणि परत उतरवलं. तळाला लागून वस्ती आहे. काय होऊ शकलं असतं याचा विचार करा.

---

मैत्रेयी_आम्स्टेलवीन

नेदरलँड्समधला स्किपोल विमानतळ माझ्या घरापासून जवळ आहे, म्हणून इथलं सांगते. हा विषय इथे थेट जमीनवापराच्या कायद्यात आहे.

स्किपोलभोवती ६ किमीचा पट्टा आखून त्यात पक्षी ओढून आणणाऱ्या नव्या वापरांवर बंधन घातलंय. मोठा नवा जलाशय, नवं निसर्गक्षेत्र, उघडा कचरा असं काही तिथे सहजासहजी करता येत नाही, आधी पक्ष्यांवरचा परिणाम दाखवावा लागतो. उंचीच्या बंधनांसारखंच, त्याच आदेशात.

दुसरी गोष्ट शेतीची, ती मला जास्त आवडली. इथला मोठा धोका म्हणजे हंसबदकं, इथे त्यांना गांझेन म्हणतात. ६ जून २०१० रोजी रॉयल एअर मारोकचं बोईंग ७३७ उडाल्यावर कॅनडा हंसबदकांच्या थव्यात घुसलं, डावं इंजिन गेलं आणि विमान अगदी कमी उंचीवरून वळसा घेत परत आलं. चौकशीत बाकी बऱ्याच गोष्टी निघाल्या, पण हंसबदकांचा प्रश्न ऐरणीवर आला. गहू कापल्यावर शेतात सांडलेले दाणे ही त्यांची मेजवानी. म्हणून विमानतळाभोवतीच्या शेतकऱ्यांशी करार केले की कापणी झाली की लगेच नांगर फिरवायचा, दाणे मातीआड करायचे, आणि त्याचा मोबदला घ्यायचा. काही शेतांत हत्तीगवत लावलं. त्यात हंसबदकांना खायला काही नाही आणि उतरायलाही जागा नाही, उलट ते गवत विकलं जातं.

शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही, भागीदार केलं. आपल्याकडे पनवेल-उरणच्या भातशेतीत असं का होऊ नये?

आणि नवी मुंबईतले धारण तलाव डच पद्धतीवरच बांधलेत. भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या. पद्धत आणलीत तर तिची देखभालही आणायला हवी.

---

मनोज_सीवूड्स

मैत्रेयीताई, तुमचा मुद्दा उलटाच पडतोय असं नाही का वाटत? डच लोक ६ किमीत नवं पाणी होऊ देत नाहीत. मग आपण विमानतळाजवळची तळी राखा असं का म्हणायचं? माझा पक्ष्यांवर राग नाही. पण माझी मुलगी महिन्यातून दोनदा विमानाने येते-जाते. मला आधी तिची काळजी आहे.

---

रेवती_नेरूळ

मनोजजी, तुमची काळजी हीच माझीही काळजी आहे, त्यामुळे नीट उत्तर देते.

डच नियम नव्या वापरावर आहे. जिथे पक्ष्यांची ये-जा नाही तिथे ती सुरू करू नका, इतकाच त्याचा अर्थ. नेरूळला ये-जा आधीपासून आहे, विमानतळ नंतर आला. ठाणे खाडीत हंगामात लाखाच्या घरात फ्लेमिंगो असतात. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत गेलं. ती खाडी कोणी बुजवणार नाही आणि बुजवूही नये. म्हणजे पक्षी असणार हे धरूनच नियोजन करायचंय. मग प्रश्न एवढाच उरतो की भरतीच्या वेळी ते कुठे उतरावेत असं आपल्याला वाटतं. नकाशा उघडून बघा. धावपट्टी पूर्व-पश्चिम, तिची रेषा पश्चिमेला खाडीकडे जाते. नेरूळची तळी त्या रेषेच्या उत्तरेला, ठाणे खाडीच्या बाजूलाच. खाडीतून उठून नेरूळला आले आणि तिथूनच परत गेले, तर त्या थव्यांना रेषा ओलांडायची गरज नाही. नेरूळ बंद झालं तर पर्याय दक्षिणेला, उरणकडे. आणि उरणकडे जायचं म्हणजे उतरणीची वाट आडवी ओलांडायची, तीही दर भरती-ओहोटीला, रात्री-अपरात्री.

म्हणून मी म्हणते की नेरूळचं तळं हा विमान सुरक्षेचा भाग आहे. त्याची देखभाल धावपट्टीच्या दिव्यांइतकीच गंभीरपणे व्हायला हवी. आणि हो, धावपट्टीच्या टोकाशी, उलव्याच्या बाजूला कोणी नवं शोभेचं तळं काढलं तर मी तुमच्यासोबत हरकत नोंदवायला येईन.

---

मनोज_सीवूड्स

हे पटलं. दिशेचा मुद्दा कुणी असा सांगितलाच नव्हता.

---

खारबांध_उरण

मी आगरी माणूस, उरणचा. पाणजे पाणथळाबद्दल बोलतो, कारण इथे सगळे नेरूळवर थांबतात. पाणजे २८९ हेक्टरच्या आसपास. हिवाळ्यात बदकं, तुतवार, शेकाट्या, फ्लेमिंगो सगळं येतं.

खाजणाचं काम आमच्या वाडवडिलांना कळत होतं. बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला झडप उघडून आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला ती दाबून बंद होते. कुठली उघाडी कधी किती उघडी ठेवायची ते गावकी ठरवायची. त्यावर भात, त्यावर मासळी, त्यावरच पक्षी. आता उघाड्या बुजल्या किंवा भराव टाकून भरतीचं पाणी अडवलं. तळं सुकतं, मच्छी मरते, पक्षी उठून दुसरीकडे जातात. कुठे जातात ते कोणी लिहून ठेवत नाही. भेंडखळ, बेलपाड्याचंही हेच झालं.

पक्ष्यांना विमानापासून लांब ठेवायचं असेल तर सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे चालू उघाडी. ती चालवणारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना पगार द्या, नोंदवही द्या. रोज किती पाणी, किती पक्षी, कुठल्या दिशेला उडाले ते ती लिहितील. होडीवरच्या कोळ्याला थवा कुठून कुठे जातो ते रडारपेक्षा आधी कळतं.

---

पिंगळा

रेवतीशी सहमत. दोन भर घालतो.

१५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क. यूएस एअरवेजचं विमान कॅनडा हंसबदकांच्या थव्यात जाऊन दोन्ही इंजिनं गेली, हडसन नदीवर उतरवलं, सगळे वाचले. त्यानंतर विमानतळांभोवतीची स्थानिक हंसबदकं मोठ्या प्रमाणात मारली गेली. पण इंजिनातल्या पिसांचं समस्थानिकांवरून विश्लेषण केलं तेव्हा दिसलं की ती बदकं स्थलांतर करून आलेली होती. म्हणजे आधी पक्षी कुठला, कुठून येतो, कधी येतो हे ओळखा आणि मग उपाय ठरवा. आपल्याकडे कोइमतूरच्या सॅकॉन या पक्षी-संशोधन संस्थेत धडकेनंतर उरलेल्या पिसा-रक्तावरून डीएनएने जात ओळखायची सोय आहे. प्रत्येक धडकेचा नमुना तिथे जायला हवा.

दुसरं कोरियाचं. २९ डिसेंबर २०२४ला मुआनला जेजू एअरचं विमान कोसळून १७९ माणसं गेली. इंजिनांत बैकल बदकांचे अवशेष मिळाले. इतकी माणसं दगावली त्यात धावपट्टीच्या टोकापलीकडच्या काँक्रीटच्या बांधाचाही मोठा हात होता, त्यामुळे सगळं पक्ष्यांच्या माथी मारता येणार नाही. पण पुढचं बघा. तिथे सेमान्गमला समुद्रकाठच्या चिखलपट्ट्यांजवळ नवा विमानतळ ठरत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने त्याचा मूलभूत आराखडाच रद्द केला. पक्षी धडकण्याच्या धोक्याचं मूल्यमापन नीट झालं नाही, जागा निवडताना ते विचारात घेतलं नाही, हे त्यामागचं मोठं कारण. मंत्रालय अपिलात गेलं. तरी जागा ठरण्याच्या पायरीवर पक्षी मोजा असं एखादं न्यायालय म्हणतं, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. आपल्याकडे आधी जागा ठरते, मग अभ्यास मागवतात.

---

वृंदा_पेडणे

गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या बाजूने लिहिते. आमचं सड्यावरचं विमानतळ, आसपास पूर्वी माणूस तुरळकच. आता जोडरस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खाण्याच्या टपऱ्या उभ्या राहतायत आणि रात्री उरलेलं अन्न दरीत ढकलतात. अजून घारींची गर्दी झालेली नाही. म्हणजे हीच वेळ आहे. मुंबईसारखं शंभर वर्षांनी कचराभूमी हलवायची वेळ यायला नको. पंचायतीने टपरीचा परवाना देतानाच कचरा कुठे जाणार ते लिहून घ्यावं.

---

सुलभा_विलेपार्ले

कबुतरांचंही बोला कोणीतरी. विमानतळाच्या भिंतीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोती ओतून दाणे टाकतात. श्रद्धेने टाकतात, मला त्यांचं मन दुखवायचं नाही. पण शेकडो पारवे एकदम उठतात तेव्हा ते कुठे जातील यावर कोणाचाच ताबा नसतो. दान करायचंच तर दहा-बारा किलोमीटर लांब करा, इतकं तरी आवाहन देवळांनी करावं.

---

रेवती_नेरूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काम इथे एकत्र झालंय की ते इथेच राहू नये. आमचा एक गट विकास आराखड्यावर हरकती-सूचना देणार आहे, त्यात या धाग्यावरून पुढचं घेतेय.

मुख्य मागणी अशी की उंचीच्या रंगीत नकाशासारखा पक्ष्यांचाही नकाशा विकास आराखड्याला जोडावा. त्यात १३ किमीचं वर्तुळ, भरतीच्या वेळची पाणथळं, थव्यांच्या वाटा, घारींची ठिकाणं आणि कचऱ्याच्या जागा. बांधकाम परवानगीच्या अर्जात त्या नकाशावरचा एक प्रश्न यावा. नेरूळ आणि पाणजे या दोन्हींच्या पाण्याच्या वाटांची देखभाल विमान सुरक्षेच्या खर्चातून व्हावी, आणि त्यासाठी गावातल्या उघाडी चालवणाऱ्यांना नेमावं. अनिकेतने मांडलेली मांसाच्या कचऱ्याची वेगळी गाडी, रोज.

प्रत्येक विमानतळासाठी विमानतळ पर्यावरण व्यवस्थापन समिती असते. राज्याचे वा जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी, पालिका आणि विमानतळाचे लोक त्यात असतात. या समितीच्या बैठकांचं इतिवृत्त जाहीर करावं, ही मागणीही घालतेय. तिथे काय ठरलं ते नागरिकांना दिसलं तरच पुढच्या बैठकीत कोणाला विचारता येईल.

---

धावपट्टीकाका

ताई, एक भर घाला. नकाशावर नुसती जागा दाखवू नका, वेळही दाखवा. घारी सकाळी दहानंतर ऊन तापल्यावर चढतात. फ्लेमिंगो भरतीच्या वेळापत्रकावर चालतात, आणि ते वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं. दोन्ही एकत्र ठेवलं तर कुठल्या तासाला कुठल्या बाजूची वाट जड असेल ते आदल्या दिवशी सांगता येईल आणि नियंत्रण कक्ष वैमानिकाला आधीच सावध करू शकेल. शक्य असेल तिथे दुसऱ्या बाजूने उतरवू शकेल. मसुदा तयार झाला की इथे टाका, धावपट्टीचा भाग मी तपासून देतो.

---

खारबांध_उरण

पाणजे आणि भेंडखळच्या उघाड्यांची यादी मी करून देतो. कुठली चालू, कुठली बुजलेली, बुजली तर साधारण कधीपासून. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन बांधावरून फिरावं लागेल, येत्या अमावास्येच्या ओहोटीला जमेल.